बाबांची बिननावाची फुलपाखरं

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी एम.एस्सी.ची परीक्षा देऊन कोल्हापूरहून नुकतीच वेंगुर्ल्याला घरी आले होते. पणजीच्या एका कॉलेजात माझी नोकरी ठरल्यासारखी होती. आई माझ्या लहानपणीच गेलेली, दादा मुंबईत संसाराला लागलेला. बाबांजवळ कोण राहणार, हे कुणी विचारलंच नाही. पणजीला नकार मीच कळवला.

बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांचं उजवं अंग गेलं आणि तोंडात एकच शब्द उरला, 'नाय'. भूक लागली तरी नाय, पोट भरलं तरी नाय. कुठल्या 'नाय'चा अर्थ होय, ते मी सुरावरून ओळखायची. काही हवं असलं की ते डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर वाजवत. मी विहिरीवर असले तरी मला तो आवाज ऐकू येई.

आजारी पडण्याआधी ते डोंगरावर हिंडून फुलपाखरांचे फोटो काढत. त्यांच्या कॅमेऱ्यात राहिलेला रोल मी बाजारातल्या स्टुडिओत धुऊन आणला. ते फोटो पाहून त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काही उमटलं. मग रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही नावं शोधायला बसू लागलो. घरात फुलपाखरांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. मी एका हातात फोटो धरी, दुसऱ्या हाताने चित्राचं पान, आणि विचारी, "ह्याच काय, बाबा?"

ब्लू मॉर्मन, कॉमन क्रो ही ओळखीची मंडळी लगेच सापडली. एक फोटो मात्र अडला. पाचोळ्यात पंख मिटून बसलेलं, कडा कातरल्यासारख्या, अंगावर ठिपका म्हणून नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा पालथं घातलं, आणि प्रत्येक पानाला तोच ठाम 'नाय'. फोटो काळेपांढरे, त्यामुळे रंगाचा पत्ता नाही. एका दुपारी माझा धीर सुटला. "मगे तुमीच सांगा," मी म्हणाले. बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. तिथून डोंगर दिसायचा. किती महिन्यांत मी बाजारापलीकडे कुठे गेले नव्हते. जरा वेळाने आत आले आणि एका ताटात हळद, कॉफीची पूड, कोकमाची सालं असं जे हाताला लागलं ते मांडलं. आंब्याखालचं एक वाळकं पानही ठेवलं. ताट त्यांच्यासमोर धरून विचारलं, रंग यातला कुठला? बाबांनी त्या पानावर बोट ठेवलं.

मग मी चित्रं सोडून बारीक अक्षरातला मजकूर वाचायला घेतला. कॉमन इव्हनिंग ब्राउन या नावाखाली लिहिलं होतं, की कोरड्या दिवसांत याच्या पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके नाहीसे होतात आणि ते सुकल्या पानासारखं दिसतं. चित्र पावसाळ्यातलं होतं. मी ते मराठीत करून बाबांना सांगितलं. "नाय," ते हळूच म्हणाले आणि रडले. मीही. मग त्यांनी पुढचा फोटो माझ्याकडे सरकवला.

मे महिन्यात दादा आला. फोटोंच्या मागे लिहिलेली नावं बघून तो म्हणाला, "तुजो वेळ बरो जाता गो."

"जाता," मी म्हणाले. "खंय जाता, ता इचारू नको."

 दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबांजवळ मी बसतो, तू डोंगरावर जाऊन ये, असं तो म्हणाला. मी कॅमेरा घेऊन निघाले. काजूंच्या झाडांमधून वर चढले, एका दगडावर टेकले. समोर रानमोडीच्या झुडपांवर दोन-तीन फुलपाखरं होती. मी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. सगळा वेळ घराच्या दिशेने कान देऊन बसले होते, बोटं वाजतात का ते ऐकत. एवढ्या लांबून ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. ऊन चढायच्या आत मी घरी परतले.