थोरल्या दिरांची विधुराची गोष्ट

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं हे लिहिणं. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. दाखवायला लिहीत नाहीये. चुकून कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. पण माझ्या थोरल्या दिरांइतका गोष्टीसाठी राबणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कारकुनी केली, जीव मात्र सगळा कथा लिहिण्यात. एक तरी छापून यावी एवढीच इच्छा, आणि एकही आली नाही. "स्वतः भोगल्याशिवाय लिहिणं म्हणजे चोरी," असं ते म्हणत. आंधळ्याची गोष्ट लिहायची म्हणून डोळ्यांना रुमाल बांधून सीवूड्सच्या मॉलमध्ये फिरले आणि साडी नेसवलेल्या पुतळ्याची माफी मागून आले. संवाद जमेनात, तर कामोठ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून मुद्दाम भांडण काढलं. भाजीवाली कडाडली, "ओ काका, घ्यायची तर घ्या, नायतर चालू पडा!" भाऊजींनी हातच जोडले. "बाई, पुन्हा एकदा बोला. जरा हळू, लिहून घेतो."

मग विधुराची गोष्ट आली. एका मासिकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. विधुराचं दुःख खरं वाटत नाही म्हणाले. झालं! भाऊजींनी जाऊबाईंना महिनाभर साताऱ्याला माहेरी जायला सांगितलं. "म्हंजे मी मेले असं समजायचं व्हय?" जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मग तेराव्याला गोड काय करताय, तेवढं सांगा!" त्या गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी भाऊजी एसटीने त्यांना आणायला हजर. गोष्ट तशीच पडून राहिली.

गेल्या वर्षी जाऊबाई खरंच गेल्या. भाऊजींनी कितीतरी महिने पेनाला हात लावला नाही. परवा मात्र आमच्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तीच गोष्ट नव्याने लिहिलेली वाचून दाखवली. त्यातला माणूस वारलेल्या बायकोचा मोबाइल रोज चार्जिंगला लावतो. माझं लाटणं थांबलं. असं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. ऐकायला जाऊबाई हव्या होत्या. आणि शेवटी काय, तर ती बायको कळंबोलीला एसटीतून उतरते आणि म्हणते, "किती वाळलात हो!"

मी भीतभीत म्हटलं, "भाऊजी, ती तर पहिल्याच पानावर वारलीय ना?"

"हो. शेवट चुकलाय. मला कळतं गं."

"मग तेवढा बदला ना. या वेळी नक्की छापतील."

ते कागदांच्या कडा जुळवत बसले. मग म्हणाले, "नाही बदलवत."