कांडी कोण चिरत होतं

माझ्या सख्ख्या भावाबद्दल वाईट बोलायला मला आवडत नाही, पण आज बोलणार. ऑर्लन रॅट्झलाफने उभ्या जन्मात गव्हाची एक कांडी चिरून पाहिली नाही. एकसुद्धा नाही! आणि ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यातले झाडून सगळे शेतकरी सत्तावीस वर्षं त्याच्या तोंडाकडे बघून आपापली वासरं गव्हातून काढत होते.

कांडी चिरायची ती माझी वहिनी, लिओटा.

आमचा गहू दोनदा कामाला येतो. सप्टेंबरात पेरायचा, हिवाळाभर त्यात वासरं चारायची, थंडी सरता सरता ती बाहेर काढायची. मग तोच गहू पुन्हा उठतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. सगळी मेख वासरं काढायच्या दिवसात आहे. जमिनीलगतचं कांडं पोकळ व्हायला लागलं की इवलीशी ओंबी आतून वर सरकते. त्यानंतर वासरू तोंड घालतं ते नुसत्या पाल्याला नाही, ओंबीलाच. आठ दिवस उशीर केलात तर दाणा गेला. आठ दिवस घाई केलीत तर वासरांच्या अंगावर चढायचं मांस गेलं.

वहिनीच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे अकरा पट्ट्या होत्या, प्रत्येकीत वेगळं वाण. निम्मी पट्टी वासरांना मोकळी, निम्मी झटक्याच्या तारेआड. लोकर कापायच्या कात्रीने ती हातभर जागेतला पाला कापायची आणि ज्या काट्यावर पावाचं पीठ तोलायची त्याच काट्यावर तो तोलायची. कुठलं वाण चाऱ्याला किती देतं, चारल्यावर दाण्याला किती देतं, सगळं वहीत. "हे वासरांचं, हे कोठीचं, आणि हे मेलं दोन्हीकडे गोड बोलून दोन्हीकडे फसवणारं," असं ती गव्हाबद्दल बोलायची. मला हसू यायचं, पण तिचं कधी चुकलं नाही.

फेब्रुवारी लागला की रोज सकाळी तारेआडची दहा रोपं मुळासकट उपटायची, उभी चिरायची, आणि पोकळीला दहा सेंटचं नाणं लावून बघायची. पोकळी नाण्याएवढी लांब झाली की वेळ झाली. तारेआडचीच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "आर्डिथ, चरलेलं रोप मागे पडतं. त्याला विचारलंस तर ते म्हणतं अजून अवकाश आहे. न चरलेलं खरं सांगतं."

मग न्याहारीला ऑर्लन तिची वही ओढायचा, तारीख आपल्या खिशातल्या डायरीत उतरवायचा आणि सोसायटीच्या धान्यकोठीवर कॉफीच्या टेबलाशी जाऊन बसायचा. हनुवटी खाजवत म्हणायचा, "मला वाटतं, गुरुवार." उंटावरून शेळ्या हाकणारा माझा भाऊ! आणि ते सगळे माना डोलावायचे. मी त्या न्याहारीला किती वेळा बसले असेन! सगळं डोळ्यांनी बघत होते आणि मूग गिळून गप्प होते. भावाची अब्रू ना ती! तो राग अजून माझा माझ्यावरच आहे.

ऑर्लन नोव्हेंबरात गेला. दफनाहून परतल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, तेव्हा ड्वाइट नाइटेंगेल वहिनीपाशी आला. ड्वाइट म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, आवाज मोठा, शेत त्याहून मोठं. "लिओटा, त्याची ती डायरी आम्हाला दे. आठवण म्हणून." वहिनीने दिली. तेव्हापासून ती डायरी कॉफीच्या टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी. सत्तावीस वर्षांच्या तारखा, सगळ्या आठ ते चौदा मार्चच्या आतल्या. ड्वाइटने जाहीर करून टाकलं, "ऑर्लन म्हणतो दहा मार्च." मेलेला माणूस म्हणतो! झाली काळ्या दगडावरची रेघ.

पण त्या तारखा होत्या जुन्या तांबड्या वाणाच्या. त्या वर्षी ड्वाइटच्या आग्रहाने सगळ्यांनी नवं एक्कावन्न नंबरचं पेरलं होतं, आमच्याही शेतात. चारा भरघोस, पण कांडं पोकळ व्हायची भारी घाई. वहिनीने ते तीन वर्षं पट्टीत पाहिलं होतं. चोवीस फेब्रुवारीला तिने नाणं लावलं, पोकळी नाण्याएवढी भरली. तिने ड्वाइटला फोन केला, मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

"लिओटा, तुझ्यावर केवढा प्रसंग गुदरलाय. तू जरा आराम कर गं. गव्हाचं आम्ही बघतो."

तिने फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन नवऱ्याला, विलर्डला, म्हटलं, वासरं काढ. तो शेतात जाऊन एक रोप उपटून आला आणि माझ्यासमोर चिरून नाचवलं. "बघ! भरीव आहे की नाही? तुझी वहिनी आणि तू!"

"हे चरलेलं रोप आहे, विलर्ड."

"गव्हाचं रोप ते गव्हाचं रोप. फुकटचा चारा आहे, अजून दोन आठवडे खाऊ दे. ऑर्लन म्हणतो दहा मार्च."

"ऑर्लन मेला!" मी ओरडले. "आणि जिवंत होता तेव्हाही त्याला ढिम्म कळत नव्हतं!"

विलर्डला वाटलं, भावाच्या दुःखाने माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धान्यकोठीवर गेले. त्या टेबलाशी बाई कधी बसत नाही. कॉफी संपली तर ओतायला जाते, तेवढंच. मी उभ्या उभ्या सांगितलं. "ऐका. ऑर्लनने कधी कांडी चिरली नाही. लिओटा चिरायची. ही डायरी तिच्या वहीची नक्कल आहे, तीही जुन्या तांबड्याची. तुमचं एक्कावन्न कालच पोकळ झालंय. आज वासरं काढा, नाहीतर जूनमध्ये पेंढा कापा."

एकाने टोपी सारखी केली. मग ड्वाइट हळू आवाजात म्हणाला, "आर्डिथ, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. तोही तुझा सख्खा भाऊ." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, ऑर्लनपुढे डोलावायचे तशाच. घरी येताना मी गाडीत रडले. दुःखाने नाही, संतापाने. भावाची अब्रूही गेली आणि हाती काही आलं नाही.

मग मी आणि वहिनी, आम्ही दोघींनीच आमची वासरं काढली. विलर्ड सामान आणायला शहरात गेला, वहिनी तिचा जुना ट्रक घेऊन आली. तारेचा करंट बंद केला, फाटक उघडलं, तिने बादलीत पेंड खडखडवत हाका घातल्या, आणि आमची एकशेचाळीस वासरं तिच्यामागे कोरड्या कुरणात गेली. तिथे आम्ही त्यांना वाळलं गवत टाकलं. विलर्ड परत आला, रिकामं शेत पाहिलं आणि दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. टेबलावर त्याला म्हणे विचारत होते, "काय रे, घरात पँट कोण घालतं?" शेजारच्या कुंपणापलीकडे ड्वाइटची वासरं दहा मार्चपर्यंत मजेत चरत होती.

जून आला. आमच्या कुंपणाच्या अलीकडे ओंब्या कमरेला लागत होत्या. पलीकडे ड्वाइटचा गहू गुडघ्याएवढा, आणि तोही विरळ. हार्वेस्टरवाल्याने त्याच्या शेतात दोन फेऱ्या मारल्या आणि खाली उतरून विचारलं, "खरंच कापायचंय का हे?" ड्वाइटने खापर कडाक्याच्या थंडीवर फोडलं. थंडी आमच्याकडे पडलीच नव्हती जणू! विलर्ड आमची पहिली गाडी भरताना एवढंच म्हणाला, "बरं झालं," आणि दुसरीकडे बघत राहिला.

पुढच्या फेब्रुवारीत ड्वाइटने स्वतः फोन करून वहिनीला धान्यकोठीवर बोलावलं. मीही गेले, न बोलावता. वहिनीला खुर्ची दिली, ड्वाइटने तिच्यासाठी स्वतः कॉफी ओतली. सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना उजेड पडला.

तेवढ्यात ड्वाइट टेबलावर हात थोपटत म्हणाला, "काही म्हणा, ऑर्लनने तुला तयार मात्र चांगलं केलं हं, लिओटा."

मी उठलेच होते, गरम कॉफीचं भांडं माझ्या हाताशी होतं. वहिनीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"त्याला मीच सत्तावीस वर्षं शिकवत होते, ड्वाइट," ती म्हणाली. "त्याला आलं नाही. आता तू शीक." साखरेच्या डब्याजवळची डायरी तिने उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. ड्वाइटचा हात अर्धवट पुढे आला आणि तिथेच थांबला. मग तिने रुमालात गुंडाळून आणलेली एक चिरलेली कांडी काढून त्याच्यासमोर ठेवली, त्यावर दहा सेंटचं नाणं.

"वासरं उद्या काढा."

ड्वाइटने ते नाणं बोटाने सरकवून खालची पोकळी पाहिली. मग खाली मान घालून म्हणाला, "सकाळी की दुपारी?"