व्याज नको, भागीदारी चालेल

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, शेअर म्हणजे नेमकं काय?" मला ते नीट कळलं माझ्या अकोल्याच्या मैत्रिणीमुळे.

आम्ही दोघी अमरावतीच्या एका खासगी शाळेत शिकवायचो. निवृत्तीनंतर ती मुलीजवळ अकोल्याला गेली. पेन्शन नाही, जी रक्कम मिळाली ती बचत खात्यात पडून. व्याज घेणं तिच्या धर्मात बसत नाही, म्हणून जमा होईल तेवढं ती दान करायची. इकडे महागाई वाढतच होती आणि याच पैशावर तिला म्हातारपण काढायचं होतं. शेवटी मी बसने अकोला गाठलं.

"मुदत ठेव करा," मी म्हटलं.

"मॅडम, तेही व्याजच. मले नको."

"मग शेअर घ्या. ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. शेअर म्हणजे कंपनीतली छोटीशी मालकी. नफा झाला, तर त्यातून लाभांश मिळू शकतो."

"अन् नुकसान झालं तं?"

"तेही आपलंच."

ती सरसावून बसली. "हे तं भागीदारी झाली! इतके दिवस कावून नाई सांगतलं?"

पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल तिने लाल पेन घेऊन, पेपर तपासावा तसा तपासला. कंपनीवरचं कर्ज, म्हणजे व्याजाचा व्यवहारही, नगण्य निघालं. आधी अंदाज घ्यायला तिने एकच शेअर घेतला. आठवड्यात भाव घसरला. मी घाबरून फोन केला.

"कारखाना बंद पडला काय?"

"नाही."

"मंग तुमी कावून घाबरून राहिल्या?"

काही महिन्यांनी तिचाच फोन. "मॅडम, आला! लाभांश आला!" त्यात एक चहासुद्धा आला नसता, पण आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या ओरडलो!

मात्र सगळा पैसा एकाच कंपनीत नको, हे मी बजावलं. म्युच्युअल फंड अनेकांचे पैसे एकत्र करून अनेक कंपन्यांत गुंतवतो. व्याजाच्या धंद्यापासून दूर राहणारा फंडही सापडला. वर्षभराचा खर्च खात्यात ठेवून उरलेल्यातून दरमहा ठरावीक हप्ता, म्हणजे एसआयपी, सुरू करायचं ठरलं.

फंडाचा अर्ज भरायला मी पुन्हा अकोल्याला गेले. त्यात प्रश्न होता: जोखीम किती पेलाल? कमी, मध्यम, जास्त?

"तीस वर्षं आठवी 'ब' सांभाळली, मॅडम. जास्त लिहा!"

मी 'मध्यम'वर बोट ठेवलं. कुरकुरत तिने तिथे खूण केली आणि झोकात सही ठोकली.