निळ्या काठाची साडी

नागपूरच्या विमानतळावर माझ्या बॅगेचं वजन अर्धा किलो जास्त भरलं. आईनं लोणच्याची बरणी तिच्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या सुती साडीत गुंडाळली होती. विहारात जाताना नेसायची ती. मी बरणी टॉवेलात गुंडाळली, साडी काढली, आणि दारावरच्या जवानाला विनवून बाहेर उभ्या आईच्या हातात परत दिली.

“राहू दे नं रे,” ती म्हणाली. “थंडीत पांघरायला होईल.”

“आई, तिथे हीटिंग असतं.”

बायको आणि सात वर्षांची इरा आत रांगेत खोळंबल्या होत्या, मी घाईत होतो. ताई, माझी मोठी बहीण, शेजारी उभी होती. तिनं साडीची घडी नीट केली. तुमच्यापैकी जे निरोप द्यायला दाराबाहेर उभे राहिलात, त्यांना ही घाई आठवत असेल. आत गेलेल्यांना ती फार उशिरा आठवते.

पुढे बर्मिंगहॅम. बँकेतली सॉफ्टवेअरची नोकरी, भाड्याचं घर, कौन्सिल टॅक्स, कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये काय आणि काळ्या बिनमध्ये काय याचं शिक्षण. पाच वर्षं झाली, कायम राहण्यासाठी अर्ज केला, आणि त्याच महिन्यात आई गेली. निर्णय येण्याआधी देश सोडला की अर्ज बाद होतो. नियम खरा आहे, मी तो सगळ्यांना पाठ म्हणून दाखवला. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बसून व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा पाहिला. बाकी फुलंच फुलं दिसत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ताईनं फोन केला. आईच्या साड्या वाटायच्या आहेत, तुझ्या घरच्यांसाठी कोणत्या ठेवू, असं विचारत होती. मी लॅपटॉपसमोर होतो. म्हणालो, “कुणालाही देऊन टाक ताई. इथे कोण नेसतं?” पलीकडून ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्याच महिन्यात माझे कागद आले. तरी मी गेलो नाही. आता जाऊन काय करायचं, असं म्हणालो. अर्जाची सबब तेव्हा संपली होती, हे मला कळत होतं. ताईचे फोन तेव्हापासून वाढदिवसापुरते उरले.

गेल्या महिन्यात इराच्या कॉलेजात नाटक होतं. ती आता सतरा वर्षांची आहे. नाटक तिची मैत्रीण रुडो हिनं रचलेलं. रुडो झिम्बाब्वेची, तिची आई इथे वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. त्यांच्याकडे माणूस गेलं की नातेवाईक जमून त्याचे कपडे वाटून घेतात, आणि जो परदेशी अडकला असेल त्याचाही वाटा निघतो. नाटकात एका गावात आजी वारलेली. एक मुलगी गावातच राहून तिचं सगळं करणारी, दुसरी इंग्लंडात, व्हिसाच्या कागदांत अडकलेली. चटईवर आजीचे कपडे, मधोमध स्पीकरवर फोन. भाऊ-बहिणी भांडतात: कुणाची नोकरी गेलेली, कुणाची पोरं म्हातारीनंच वाढवलेली. रुडो गावातली बहीण झाली होती. इरा स्टेजच्या कोपऱ्यात कोट घालून, फोन कानाला लावून एकटी बसली होती.

रुडो विचारते, “तुझा वाटा कोणता ठेवू?”

माझी मुलगी इंग्रजीत म्हणाली, “कुणालाही देऊन टाक. इथे कोण घालतं?”

रुडोनं एकेक कपडा उचलून वाटला. चटई रिकामी झाली. माझ्या पुढच्या रांगेत तिची आई तोंडावर हात धरून हुंदके देत होती. मला रडायचीही लाज वाटली.

बाहेर इरा मेकअप न पुसताच धावत आली. “बाबा, माझा लाईन आवडला?”

मग तिनं सांगितलं. नाटक बसवताना टीचरनं प्रत्येकाला घरात ऐकलेलं, विसरता न आलेलं एक वाक्य आणायला सांगितलं होतं. “तू आत्याला बोलला होता ना, ते. मी किचनमध्ये होती.” तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते चांगलं वाक्य वाटलं होतं, एवढंच.

रविवारी दुपारी मी ताईला फोन केला. वाढदिवस कुणाचाच नव्हता, म्हणून ती घाबरली. मी माफी मागितली, धड मागताही आली नाही. मग विचारलं, “आईची एखादी साडी उरली आहे का? ती निळ्या काठाची?”

“उरली कुठे रे. तूच म्हटलं होतं नं, कोणालाही दे. दिल्या सगळ्या.” ताईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “अन् निळ्या काठाची वाटण्यात नव्हतीच. ती आईलाच नेसवली.”

“का?”

“तिनंच सांगून ठेवलं होतं. तू परत दिली तेव्हापासून कपाटात वेगळी होती. म्हणायची, मिलिंद नाही नेत तर मीच नेते.”

व्हिडिओ कॉलवर फुलांखाली तीच साडी होती, आणि मी समोर बसून ती पाहिली नव्हती.

घर कुठे, असं कुणी विचारलं की आधी मी नागपूर म्हणायचो, नंतर बर्मिंगहॅम म्हणू लागलो. आता चटकन उत्तर येत नाही. लोणचं तर दोन महिन्यांत संपलं होतं. बरणी आहे अजून, इरा तिच्यात पेन ठेवते. अर्धा किलोच जास्त होतं. लोणचं काढायला हवं होतं.