पाद्र्याच्या घराची बुजवलेली खिडकी

माझे वडील नाशिकला कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. उरलेली पत्रकं आमच्या स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरलेली असत, त्यामुळे मी अक्षरं शिकले ती डाळीचे डबे सरकवून. अशी मुलगी कतारमध्ये, दोह्याच्या वेस्ट बेमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून श्रीमंतांच्या बंगल्यांची वर्णनं लिहिते, हा विनोद वडिलांना अजून पचलेला नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक कतरी गृहस्थ आले. शिकायला इंग्लंडात असताना ते एका खेड्यातल्या जुन्या रेक्टरीत भाड्याने राहिले होते. रेक्टरी म्हणजे गावच्या पाद्र्याचं घर. तसंच्या तसं घर त्यांना इथे बांधायचं होतं. त्यांनी फोटोंचा गठ्ठा दिला आणि त्या घराचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

इतिहास वाचताना माझा संताप वाढत गेला, आणि मजाही येत गेली. गावकऱ्यांच्या पिकाचा दहावा हिस्सा पाद्र्याला जायचा. देवाच्या सेवकाला खोल्या किती लागतात, हे त्या दहाव्या हिश्श्यावर ठरायचं. घराचा मागचा भाग मूळचा: लाकडी सांगाडा, काटक्या आणि मातीच्या भिंती, डोकं आपटेल अशी दारं. पुढे कधीतरी एका पाद्र्याला त्याची लाज वाटली असावी, कारण त्याने समोरून विटांचा उंच, सपाट दर्शनी भाग चिकटवला. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. समोरून जमीनदार, मागून कूळ. मग सरकारने खिडक्यांवर कर बसवला, तेव्हा त्याच्यानंतर आलेल्या पाद्र्याने डाव्या कोपऱ्यातली खिडकी विटांनी बुजवली. कर गेला, विटा राहिल्या. शेवटी चर्चने ते घर विकून टाकलं. आता पाद्री गावाबाहेरच्या छोट्याशा घरात राहतो आणि रेक्टरी भाड्याने देणारे देतात.

आमचे आर्किटेक्ट सर पुण्याचे. अस्सलपणा हा त्यांचा धर्म. फोटोत खिडकी बुजलेली आहे, म्हणजे ती इथेही बुजलेलीच हवी, असं त्यांनी ठरवलं. ज्या शहरात खिडकीवर कधी कुणी कर मागितला नाही, तिथे आधी खिडकीची चौकट बांधायची आणि मग ती विटांनी भरायची, असं ड्रॉइंग तयार झालं.

त्या विटांमागे ड्रायव्हरची खोली होती. इथल्या बंगल्यांत ती फाटकाशेजारी, कुंपणाच्या भिंतीला टेकून असते. पण रेक्टरीच्या अंगणात तसलं काही शोभत नाही म्हणून सरांनी ती घरातच घेतली होती. ड्रायव्हर माण तालुक्यातला, या गृहस्थांकडे बरीच वर्षं होता. नकाशे न्यायला ऑफिसात यायचा आणि मराठी ऐकून माझ्या टेबलाशी थांबायचा. इतकी वर्षं तो ज्या खोल्यांत राहिला, त्यांना एसीचं भोक सोडलं तर उजेड यायला वाट नव्हती. मालकांनी त्याला सांगितलं होतं, नव्या घरात तुझी खोली पुढच्या बाजूला. त्याने ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, "ताई, ही खिडकी माझीच न्हवं?"

मी त्याला समजावलं की ती खिडकी फक्त दिसण्यापुरती आहे. तो हसला. "म्हंजी आमच्या वाडीतल्या सरकारी नळागत."

मी तडक सरांकडे गेले. राहत्या खोलीची खिडकी शोभेसाठी बुजवणं ही कशी असंस्कृत गोष्ट आहे, यावर बरंच बोलले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू इथे मोर्चा काढू नकोस," ते म्हणाले. "बुजवलेली खिडकी हाच त्या घराचा इतिहास आहे."

मग मी इतिहासच हातात घेतला. कर बसायच्या आधी ती खिडकी उघडी होती, म्हणजे अस्सल रेक्टरी ती, असं मी लिहिलं. त्या कोपऱ्यात सकाळचा उजेड यायचा आणि पाद्री तिथे बसून वाचायचा, प्रवचनं लिहायचा, हेही लिहिलं. त्याच कोपऱ्यात लिहायचा याला पुरावा नव्हता, पण कुठेतरी लिहीतच असणार. तो मजकूर मी मनापासून सजवला. त्या गृहस्थांनी मीटिंगमध्ये तो दोनदा वाचला, सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खलास. ही खिडकी उघडा." अरबीत खलास म्हणजे ठरलं, विषय संपला. सरांना अस्सलपणापुढे मान तुकवावी लागली. त्या संध्याकाळी ड्रायव्हरने मला इथला दाट, वेलचीचा करक चहा पाजला आणि पडदा कोणत्या रंगाचा घ्यावा हे विचारलं.

पुढचं ड्रॉइंग आलं तेव्हा त्या खोलीवर 'स्टडी' असं लिहिलेलं होतं. मालकांना सकाळी तिथे बसून वाचायचं होतं. ड्रायव्हरची खोली फाटकाशेजारी गेली होती, भिंतीला टेकून, एका एक्झॉस्ट फॅनसकट. तिथे ती आता अंगणाच्या शोभेच्या आड येत नव्हती.

मी साइटवर जाऊन मालकांना गाठलं आणि ती खोली ड्रायव्हरला कबूल केलेली होती, हे सांगितलं. ते सभ्य माणूस आहेत. त्यांना खरंच नवल वाटलं.

"पण ही वाचायची खोली आहे, असं तुम्हीच लिहिलंत ना?" ते म्हणाले आणि त्यांनी त्या मजकुराबद्दल पुन्हा एकदा शुक्रन म्हटलं.

परतताना ड्रायव्हरनेच मला मेट्रोपर्यंत सोडलं. मी मागच्या सीटवरून व्यवस्थेबद्दल पुष्कळ बोलले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमचं लिहिणं लई झ्याक हाय. फुडच्या खेपंला जरा वाईट लिवा."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर एका ओळीची सूचना ठेवली: फाटकाशेजारच्या खोलीला पूर्वेकडे उघडणारी खिडकी द्यावी. कारण लिहिलं नाही, इतिहास तर नाहीच. सरांनी इतर सूचनांबरोबर तिच्यावरही सही केली, न वाचता.

आता ती खिडकी आहे. तिच्यातून शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी दिसते. पडदा त्याने निळा लावलाय.