विश्रामबागेतलं कोर्ट मार्शल

एका शिपायामुळे माझ्या ताईचं लग्न मोडता मोडता राहिलं. शिपाई खरा असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. पण तो एका युद्धकादंबरीतला होता, आणि त्याला आमच्या विश्रामबागेतल्या घरात आणणारा मी होतो.

वडूजहून पाहुणे आले होते. फौजेतून सुट्टीवर आलेला अमर, त्याची आई आणि वडील, निवृत्त सुभेदार. ताई मिरजेला नर्स. मुलगा तिला फोटोतच आवडला होता, हे घरात फक्त मला ठाऊक. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, मला बजावलं होतं, "आज तोंड पोह्यांपुरतंच उघडायचं." पण माझ्यासारख्या, चळवळीची पत्रकं वाचत-लिहीत वाढलेल्या माणसासमोर अख्खं फौजी कुटुंब बसलेलं! (अण्णांना ती सोयरीक दिसत होती. मला सभा.)

"माणसाचा विवेक कसा घडतो ते या कादंबरीत बघा," मी पुस्तक पुढे करत सुरू केलं. "कोवळा शिपाई पहिल्याच लढाईत घाबरून पळतो..."

"कुठल्या युनिटचा?" सुभेदारांनी बशी खाली ठेवली.

"आवं, ती गोष्ट हाय," अमरची आई म्हणाली.

"गोष्टीत बी युनिट असतंय. त्येचा हवालदार काय झोपला हुता?"

मी घाईघाईने म्हणालो, मुद्दा पुढेच आहे. तो रानात भटकतो, शरमेने जळतो, आपणहून परत येतो. वाट चुकलो होतो असं सोबत्यांना खोटंच सांगतो, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे उभा राहतो.

"म्हंजे पळाला, वर खोटं बोलला. दोन गुन्हं."

"परत आल्यावर जेवाय तरी दिलं का त्येला?" अमरच्या आईने डोळ्याला पदर लावला. "किती वर्साचं हाय पोरगं?"

"असल्या लाडानंच फौज बिघडती."

"जाऊ द्या सुभेदार, पोरच ते," अण्णा समजुतीने म्हणाले. म्हणजे आता आरोपीला वकीलही मिळाला. मुलगी बघायला आलोय हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

सुभेदार माझ्याकडे वळले. "आन् तू रं? ही गोष्ट आजच, माझ्या पोरासमोर का काढलीस? त्यो पळपुटा हाय म्हनायचंय तुला?"

तत्त्वासाठी छातीठोकपणे उभं राहण्याचा हाच तो क्षण. मी पाणी आणतो म्हणालो आणि मागच्या दाराने जाऊन वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो. (खिडकीतून सगळं ऐकू येतं.)

ताई चहा घेऊन आली होती. सुभेदारांनी तिलाच गाठलं. "पोरी, तू सांग. असला मानूस नवरा म्हनून चालंल तुला?"

एका उत्तरावर सोयरीक टांगली होती.

"घाबरला ते चालंल," ताई म्हणाली. "धिप्पाड माणसं सुई बघून घाबरतात, रोज बघते मी. आपल्या पायानं परत आला ना? पण खोटं चालणार न्हाई. निदान मला खरं सांगायला हवं."

तेव्हा अमर पहिल्यांदा बोलला. "मी पळालो न्हाई. पण पहिल्यांदा गोळीबार झाला तवा माझी बोटंच उघडंनात. बंदुकीला चिकटल्यागत. शेजारचा गडी हाका मारतोय, आन् मला नुसती आई आठवती. घरात कुनाला सांगितलं न्हाई. तुमाला सांगतोय."

धैर्यावर मी आजवर ढीगभर लिहिलंय, तेही ठळक अक्षरांत. असं एक वाक्य मला साधलेलं नाही.

सुभेदार हळूच म्हणाले, "माझं तर पहिल्या लढाईत गुडघं वाजत हुतं. लय वर्सं झाली. तुझ्या आईला बी ठावं न्हाई."

"ठावं हाय," ती म्हणाली. "झोपंत बोलता तुमी."

सगळ्यात आधी ताई हसली, आणि सोयरीक ठरली.

कादंबरीतला तो पोरगा परत आला तेव्हा समोर तोफा धडाडत होत्या. मी परत आलो तेव्हा पेढे वाटून होत आले होते.