झरीचा मुलगा, बोलोन्याचं पाणी

तो रस्त्यात कुठंही उकिडवा बसायचा. बोलोन्याच्या भर चौकात, आजूबाजूला माणसं ऐटीत कॉफी पीत बसलेली असताना, हा गटाराच्या लोखंडी जाळीशेजारी बसून कान खाली लावायचा. मी बोलत बोलत बरीच पुढे गेलेली असायचे. मागून हाक यायची, "थांब. खाली पाणी आहे."

"असू दे की."

"असू दे काय? येतं कुठून ते?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्याबरोबर निघालं की कुठंच वेळेवर पोचता येत नाही, आणि उशीर झाल्याचं वाईटही वाटत नाही.

बोलोन्या हे इटलीतलं विटकरी रंगाचं जुनं शहर. फुटपाथांवर कमानींचे लांबच लांब व्हरांडे आहेत, त्यामुळे पावसातही कोरडं राहून मैलोन् मैल चालता येतं. मी तिथं फळप्रक्रिया शिकायला गेले होते. आमची डहाणूजवळ चिखल्याला चिकूची वाडी आहे, म्हणून तो विषय. पहिल्याच आठवड्यात भाजीबाजारात उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते, "अगं, इथं चिकू कुणी पाहिलेलासुद्धा नाही. काय सांगू मी ह्यांना?"

मागून कुणीतरी मराठीत विचारलं, "चिखले, का घोलवड?"

मी दचकून वळले. बुटकासा, स्वतःच्या मापापेक्षा मोठं जाकीट घातलेला एक मुलगा उभा होता. हातात एकच वांगं.

"चिखले. तुम्हाला कसं कळलं?"

"इटलीत येऊन चिकूची काळजी दुसरं कोण करणार? मी तलासरीचा. झरी."

झरी! आमच्या घरापासून झरी फार तर तासाभरावर. पण मी कधी गेले नव्हते. आमचं जाणंयेणं डहाणूला, मुंबईला, नाहीतर खरेदीसाठी उंबरगाव-वापीला. रेल्वेच्या पूर्वेकडची, हायवेपलीकडची माणसं आमच्याकडे यायची, वाडीत कामाला. आम्ही तिकडे जात नसू. कशाला जायचं, असा प्रश्नही कधी पडला नव्हता. त्या झरीचा माणूस मला बोलोन्यात भेटत होता आणि वांगं महाग आहे की नाही, असं मलाच विचारत होता.

तो वारली. आश्रमशाळेत शिकून पुढे इंजिनियर झालेला, आणि आता सरकारी शिष्यवृत्तीवर पाण्याचं शास्त्र शिकायला आलेला. "गावाचं नाव झरी," तो म्हणायचा, "आणि चैत्र लागला की आमच्या पाड्यावर टँकरची वाट बघायची. नाव ठेवणारा पावसाळ्यात आला असणार."

त्याला उत्तरं येत असत असं मात्र मुळीच नाही. तो अंदाज करायचा, आणि निम्मे अंदाज साफ चुकायचे. "हे पाणी दक्षिणेच्या टेकडीवरून येतं," असं छातीठोकपणे सांगून त्यानं मला एकदा टेकडीभर फिरवलं. वर गेल्यावर कळलं, तिकडून काहीच येत नाही. कुणी दुसरा असता तर खजील झाला असता. ह्याचा चेहरा खुलला. "म्हणजे दुसरीकडूनच येतं! बघ, एक बाजू कमी झाली."

एकदा तो असाच एका गल्लीत जाळीपाशी बसला होता. वरच्या मजल्यावरून एका म्हाताऱ्या बाईंनी पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "तुत्तो बेने?" म्हणजे सगळं ठीक आहे ना? आमचं इटालियन तेव्हा अगदीच कच्चं. हा मान वर करून, जाळीकडे बोट दाखवत म्हणाला, "आक्वा, सिन्योरा! आक्वा!" पाणी, बाई, पाणी!

बाई आत गेल्या. थोड्या वेळानं धापा टाकत जिना उतरून खाली आल्या, आणि त्यांनी ह्याच्या हातात पाण्याची थंडगार बाटली ठेवली. मी हसू दाबत भिंतीकडे तोंड केलं. ह्यानं शांतपणे अर्धी बाटली प्यायली, आभार मानले, आणि मग हातवारे करून खरा प्रश्न विचारला.

बाईंना तो कळला तशी त्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या दंडाला धरून आम्हाला वर नेलं, स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली. मी खाली पाहिलं आणि पाहतच राहिले. घरांच्या पाठीमागच्या भिंती दोन्ही बाजूंनी सरळ पाण्यात उतरलेल्या, आणि मधून एक कालवा चाललेला. रस्त्यावरून कुणाला संशयही येऊ नये असा.

बाई सांगत होत्या, निम्मं शब्दांनी, निम्मं हातांनी. त्यांची आई ह्याच कालव्यावर लोकांचे कपडे धुवायची. थंडीत तिचे हात लालभडक व्हायचे. मग गाड्या आल्या, रस्ते हवे झाले, शहरानं कालव्यावर फरशी घालून टाकली. एवढाच तुकडा उघडा राहिला.

"आई रोज इथं यायची?" त्यानं विचारलं. "साबण कुठला वापरायची?"

बाई थबकल्या. त्यांना हे कुणी कधी विचारलं नसावं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि राख, उकळतं पाणी, चादरी पिळायची पद्धत, सगळं सांगत सुटल्या. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला असायचो.

इथं आणखी एक प्रसंग सांगायला हवा. मी माझ्या खोलीवर भात टाकला होता, आईचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि हा कांदा चिरत होता. आईनं सहज विचारलं, "तुझी आई काय करते रे?"

"थोडी शेती आहे, काकू. आणि हंगामात वाड्यांवर येते. तुमच्याच बाजूला."

मी पातेल्यात बघत राहिले.

"कुणाच्या वाडीत?" आईनं जरा वेळानं विचारलं.

"ते बदलतं. लहान असताना मीही यायचो तिच्याबरोबर. खाली पडलेले चिकू वेचायला."

"नाव काय आईचं?"

त्यानं सांगितलं. आईला आठवेना.

"पुष्कळ वाड्या आहेत, काकू," तो म्हणाला. "बरं, तुमच्या विहिरीला मे महिन्यात खारटपणा येतो का?"

"येतो की!" आईचा आवाज एकदम मोकळा झाला. "गेल्या वर्षी तर चहा नासत होता." आणि दोघं विहिरीवर बोलत राहिली. भात शिजून झाला तरी त्यांचं संपेना.

नंतर मी म्हटलं, "तू विषय छान बदललास."

"बदलला कुठं?" तो म्हणाला. "मला खरंच माहिती हवी होती."

हा त्याचा समजूतदारपणा की नुसतं कुतूहल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाण्याचा माग शेवटी वसंतात लागला. सिन्योरांनीच सांगितलं, पश्चिमेला जा, नदीवर जुना बंधारा आहे. आम्ही सकाळी डबा घेऊन निघालो. शहर मागे पडलं, कालव्याच्या काठानं झाडी सुरू झाली आणि पुढे नदी आली. रुंद, दगडगोट्यांची. तिच्यावर आडवा तिरका बंधारा, आणि तिथून पाणी वळवून कालव्यात सोडलेलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी गिरण्या चालवायला, रेशीम कातायला ते इथून शहरात नेलं होतं.

तो काठावर बसला आणि त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. ते इतकं नवलाचं होतं की मीच विचारलं, "काय झालं?"

"नदी शहरात नव्हतीच," तो म्हणाला. "ह्यांनी आणली."

मग त्यानं घरी फोन लावला आणि कॅमेरा पाण्याकडे फिरवला. पलीकडून त्याची आई वारलीत काहीतरी बोलली. तो हसला.

"काय म्हणते?"

"विचारते, एवढं पाणी आहे कुणाचं?"

कुत्रा फिरवणारे एक गृहस्थ चालले होते. ह्यानं त्यांना थांबवलं आणि आईचा प्रश्न मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये जसाच्या तसा विचारला. गृहस्थ विचारात पडले. सरकारचं म्हणाले, मग नगरपालिकेचं म्हणाले, मग पाण्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मी रोज इथून जातो. पण हे कधी विचारलं नाही बुवा." आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. ह्यानं ते सगळं आईला भाषांतर करून सांगितलं. मायलेक किती तरी वेळ हसत होती.

त्याचा अभ्यास संपत आला तेव्हा त्याच्या प्राध्यापकांनी त्याला पीएच.डी.साठी राहायला सांगितलं. मला वाटलं, हा नाही म्हणेल. ज्याच्या पाड्यावर टँकर येतो, पाण्याचं शिकून तो घरी नाही जाणार तर कोण जाणार? मी तसं बोलूनही दाखवलं.

तो कमानींखालच्या एका पायरीवर बसला होता. त्याला राग आला नाही. "आत्ता गेलो ना," तो म्हणाला, "तर सगळे मला साहेब म्हणतील. विहीर कुठं खणू, बोअर कुठं मारू, सगळे मलाच विचारतील. मी काहीतरी सांगेन आणि ते माझं ऐकतील. ते खणतील गं, पैसे घालून खणतील! तू बघितलंयस माझे अंदाज किती चुकतात ते."

"मग कधी जाणार?"

"मला अजून विचारायचंय," तो म्हणाला. "आई म्हणाली, राहा."

हे शेवटचं वाक्य त्यानं तोंड दुसरीकडे करून म्हटलं.

मी परत आले. आता वाडीतच चिकू वाळवून भुकटी करायचं छोटं युनिट टाकलंय. निघताना त्यानं त्याच्या आईसाठी एक जाड लोकरीची शाल दिली होती. पोस्टानं पाठवता आली असती. पण यंदाच्या चैत्रात मी ती घेऊन निघाले. एसटीनं तलासरी, तिथून रिक्षानं झरी, आणि पुढे पाड्यापर्यंत चालत. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याची आई अंगणात होती. बारीक चणीची, झपझप चालणारी बाई. माझ्याशी ती मराठीत बोलली, बाजारात बोलतात तसं, शब्द जपून. शाल हातात घेऊन तिनं आधी उलटीसुलटी करून पाहिली, मग गालाला लावली. आम्ही त्याला फोन लावला, पण उचलला नाही. वर्गात असेल, मी म्हटलं.

"बाय, तो तिकडं बोलतो का?" तिनं विचारलं.

"बोलतो? मावशी, तो थांबतच नाही! रस्त्यातल्या माणसांना धरून धरून विचारतो."

तिला ते खरं वाटेना. तोंडावर हात ठेवून हसली. मग म्हणाली, "आश्रमशाळेत घातला ना, तवा वरीसभर एक शब्द बोलला नाय. घरात आमची बोली, शाळंत मराठी. त्याला काय कळंना. गुरुजींनी निरोप धाडला, पोरगा मुका आहे, घेऊन जा."

"मग?"

"मी गेले. गुरुजींना सांगितलं, मुका नाय. बघतोय तो. बघून झालं की बोलल."

"आणि घरी आणलंत?"

"नाय आणला. तिथंच ठेवला." ती अंगणाकडे बघत होती. "वाटंत मीच रडले. तो नाय रडला. फाटकाशी उभा राहून बघत होता, मी कोणत्या वाटेनं जाते ते."

तिनं पाणी दिलं, भाकरी खायला लावली, आणि शाल काखेत घेऊन मला पोचवायला डांबरी रस्त्यापर्यंत आली. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. ऊन मी म्हणत होतं. मी रिक्षात बसून मागे पाहिलं, तेव्हा तिनं घडी मोडून शाल अंगावर घेतली होती. दोन्ही टोकं गळ्याशी घट्ट धरून, वळण येईपर्यंत ती तशीच उभी होती.